नाडी कुणी पाहिली?

१८९१ सालच्या पहिल्या तीन महिन्यांत पुण्या-मुंबईचं कुठलंही वर्तमानपत्र उघडलं तरी एकच विषय दिसे. मुलीला न्हाण आल्यावर गर्भाधान किती दिवसांत व्हायला हवं? ९ जानेवारीला सर अँड्र्यू स्कोबल यांनी कलकत्त्याला कौन्सिलापुढे संमतिवयाचं विधेयक मांडलं होतं. दंडविधानात संमतीचं वय दहा होतं, ते बारा करायचं, एवढाच बदल. पण पहिल्या ऋतुदर्शनापासून सोळा रात्रींच्या आत गर्भाधान न झाल्यास पातक लागतं असं मानणारा मोठा वर्ग होता. बाराच्या आत न्हाण आलेल्या मुलीचं काय करायचं, असा त्याचा सवाल. जाहीर सभा झाल्या, सभा उधळल्या गेल्या, स्मृतींचे दाखले एकमेकांवर फेकले गेले.

या लढाईतले दोन बिनीचे वीर रत्नागिरीशी बांधलेले होते. विधेयकाच्या विरोधात लोकमान्य टिळक. त्यांचा जन्म २३ जुलै १८५६चा, रत्नागिरीतलाच. आज त्या भागाला टिळक आळी म्हणतात. बाजूने रामकृष्ण गोपाळ भांडारकर. ते मालवणचे, म्हणजे तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातलेच. शिकले रत्नागिरीच्या शाळेत, आणि १८६०च्या दशकात त्याच गावच्या हायस्कुलाचे मुख्याध्यापक म्हणून परत आले. तेव्हा टिळक आठ-दहा वर्षांचे. त्यांचे वडील गंगाधरपंतही शिक्षकच. दोन्ही घरांना एकच गाव, एकच समुद्र, एकच संस्कृत. पंचवीस वर्षांनी दोघे त्याच संस्कृतातून एकमेकांविरुद्ध उभे राहिले. भांडारकरांनी हिंदू धर्मशास्त्रातल्या विवाहवयावर एक टिपण छापलं. गर्भाधान पहिल्याच ऋतुकाळात व्हावं असा अटळ दंडक नाही, ते पुढे ढकलता येतं, असं त्यांनी वचनांनिशी दाखवलं. टिळकांनी ‘केसरी’तून ते खोडून काढायचा प्रयत्न केला.

टिळकांवर अन्याय नको म्हणून हेही नोंदवतो. आदल्याच वर्षी त्यांनी सुधारकांपुढे प्रस्ताव ठेवला होता की मुलीचं लग्न सोळाच्या आत आणि मुलाचं विसाच्या आत करणार नाही, असं आधी आपण स्वतः लिहून देऊ. त्यांचा राग सरकारने घरात शिरण्यावर होता. भांडारकरांनीही नुसतं टिपण लिहिलं नाही, त्याच वर्षी आपल्या विधवा मुलीचं दुसरं लग्न लावून दिलं. दोघेही आपापल्या परीने बोलण्याला पक्के होते.

मला खटकतं ते वेगळंच. इतका कागद खर्ची पडला तो बाराएक वर्षांच्या मुलीच्या शरीरावर. तिच्या शरीरात त्या दिवसांत नेमकं काय घडतं हे मात्र या वादात जवळपास कुणीच विचारलं नाही. विचारलं ते हिंदुस्तानात काम करणाऱ्या स्त्री-डॉक्टरांनी. कोवळ्या बायकांच्या जखमा आणि मृत्यू त्यांनी इस्पितळांत डोळ्यांनी पाहिले होते. ते सगळं लिहून त्यांनी व्हाइसरॉयकडे अर्ज धाडला. कलकत्त्यातल्या फुलमणी दासी या दहा-अकरा वर्षांच्या मुलीचा असाच मृत्यू तेव्हा ताजा होता. १९ मार्च १८९१ला कायदा मंजूर झाला.

शरीराची गोष्ट टिळकांना कळत नव्हती असं मुळीच नाही. डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष त्यांनी तालमीत आणि पोहण्यात घालवलं, परीक्षेत नापास झाले, त्याचं वाईटही वाटून घेतलं नाही. पुढे मंडालेचा तुरुंग सोसणारी काठी त्या वर्षात तयार झाली असं त्यांचे चरित्रकार सांगतात. असा एखादा वर्षभराचा व्यायाम आपल्या आळीतल्या मुलीलाही मानवेल का, हा प्रश्न त्या काळी रत्नागिरीत किंवा पुण्यात कुणी विचारत नव्हतं. अटलांटिकपलीकडे तो विचारला गेला होता. त्याचं उत्तरही येऊन पंधरा वर्षं झाली होती.

ते प्रकरण असं. १८७३ साली बोस्टनमध्ये डॉ. एडवर्ड क्लार्क यांनी ‘सेक्स इन एज्युकेशन’ नावाचं छोटेखानी पुस्तक काढलं. क्लार्क हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयातले, त्यामुळे शब्दाला वजन. त्यांचं म्हणणं, शरीरातली शक्ती मोजकी असते. वाढत्या वयात मुलगी बीजगणितात आणि लॅटिनमध्ये डोकं घालू लागली तर गर्भाशयाकडे जाणारं रक्त मेंदूकडे वळतं, पाळी बिघडते आणि ती जन्माची आजारी होते. म्हणून दर महिन्याला त्या दिवसांत मुलीला अभ्यासातून आणि हालचालीतून सक्तीची सुट्टी द्यावी. पुराव्यादाखल त्यांनी मोजक्या मुलींच्या कहाण्या दिल्या. पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. मुलींना कॉलेजात घ्यायचं नव्हतं अशा मंडळींना आता शास्त्राचा आधार सापडला.

हार्वर्डच्या बॉयल्स्टन पारितोषिकासाठी तेव्हा प्रश्न ठेवला गेला: पाळीच्या काळात स्त्रियांना मानसिक आणि शारीरिक विश्रांतीची गरज असते का, आणि किती? निबंध निनावी पाठवायचे, असा नियम होता. १८७६चं पारितोषिक ज्या निबंधाला मिळालं त्याचं पाकीट फोडल्यावर आत न्यूयॉर्कच्या डॉ. मेरी पटनम जेकबी यांचं नाव निघालं. बायकांना वैद्यकाच्या वर्गातही न घेणाऱ्या हार्वर्डने एका बाईला बक्षीस दिलं होतं, आणि तेही आपल्याच प्राध्यापकाचं पुस्तक खोडून काढल्याबद्दल. निनावीचा नियम नसता तर काय झालं असतं, याचा अंदाज कुणीही करावा.

जेकबींनी काय केलं ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. त्यांनी आधी एक हजार प्रश्नावल्या वाटल्या. दुखतं का, किती दुखतं, शाळेत असताना व्यायाम किती होता, दिवसाला किती चालणं होतं, कामातून सुट्टी घ्यावी लागते का. २६८ बायकांची उत्तरं आली. पण नुसत्या सांगण्यावर त्या थांबल्या नाहीत. काही बायकांना त्यांनी महिनाभर पुन्हापुन्हा तपासलं. शरीराचं तापमान घेतलं, लघवीतला युरिया मोजला, मुठीची ताकद यंत्रावर पाहिली आणि मनगटावर नाडीचं यंत्र बांधलं.

हे यंत्र फ्रेंच शास्त्रज्ञ मारे यांनी १८६०च्या सुमारास बनवलेलं. मनगटाच्या नाडीवर एक छोटी स्प्रिंग टेकवायची. ठोका पडला की स्प्रिंग उचलली जाते आणि तिला जोडलेली बारीक तरफ हलते. तरफेच्या टोकाखालून काजळी धरलेला कागद घड्याळाच्या यंत्रावर सरकत राहतो. टोक काजळी खरवडत जातं आणि काळ्यावर पांढरी नागमोडी रेघ उमटते. प्रत्येक ठोक्याची चढण किती उभी, उतार किती सावकाश, मध्ये खाच कुठे, हे सगळं त्या रेघेत दिसतं. वैद्यांची बोटं हजारो वर्षं जे चाचपत होती ते कागदावर आलं. पाळीच्या आधी, पाळीत आणि पाळीनंतर त्याच बाईच्या रेघा घेऊन जेकबींनी शेजारी शेजारी ठेवल्या.

त्यांना दिसलं ते असं. रक्तवाहिन्यांतला ताण महिनाभर सारखा राहत नाही. पाळी संपल्यावर तो हळूहळू चढत जातो, पुढच्या पाळीच्या काही दिवस आधी शिखर गाठतो, मग उतरू लागतो. पाळी म्हणजे अचानक कोसळणारं आजारपण नव्हे, संबंध महिन्याच्या एका लाटेचा तो उतार आहे. मुठीची ताकद त्या दिवसांत ढासळत नाही. शाळेच्या वयात ज्यांचा व्यायाम चांगला झाला होता त्यांची दुखण्याची तक्रार कमी होती. निष्कर्ष त्यांनी अटीसकट मांडला: जिचं पोषण नीट झालं आहे अशा बाईला पाळीत विश्रांतीची गरज असण्याचं कुठलंही नैसर्गिक कारण नाही.

बीज नेमकं कधी सुटतं हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. इस्ट्रोजेन हाती यायला १९२९ आणि प्रोजेस्टेरॉन यायला १९३४ उजाडायचं होतं. लाट कशामुळे येते हे जेकबींना सांगता येणं शक्यच नव्हतं. लाट आहे एवढं मात्र त्यांनी काजळीवर धरून दाखवलं.

या गोष्टीचा एक धागा महाराष्ट्रात येतो. जेकबी १८६४ साली फिलाडेल्फियाच्या ज्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडल्या, त्याच महाविद्यालयात १८८३ साली कल्याणची एक अठरा वर्षांची मुलगी नऊवारी नेसून दाखल झाली. आनंदीबाई जोशी. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, मूल दहा दिवसांत गेलेलं. संमतिवयाच्या वादात ज्या मुलीबद्दल पंडित भांडले ती मुलगी म्हणजे कुणी कल्पनेतली नव्हती. अशीच एक मुलगी आठ वर्षं आधी समुद्र ओलांडून शरीराचं शास्त्र शिकायला गेली होती. ११ मार्च १८८६ला ती डॉक्टर झाली. प्रबंधाचा विषय प्राचीन हिंदूंचं प्रसूतिशास्त्र. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्रियांच्या विभागावर तिची नेमणूक झाली होती. पण क्षयाने गाठलं आणि २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात ती गेली. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. फिलाडेल्फियाची थंडी, बिनगरम खोली, अपुरा शाकाहार यांनी शरीर पोखरलं होतं. जेकबींची ‘पोषण नीट झालं असेल तर’ ही अट आनंदीबाईंच्या बाबतीत पुरी झालीच नाही.

रत्नागिरीतल्या बायका त्या काळात काय करत होत्या? क्लार्कसाहेबांना कळलं असतं तर त्यांचा सिद्धांत वळचणीला गेला असता. कोकणातली शेती उतारावरची. उन्हाळ्यात डोंगरातून कवळ तोडून आणायची, पातेरा गोळा करायचा, भाजावळ करायची. पाऊस पडला की गुडघाभर चिखलात वाकून लावणी. मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन बंदरापासून बाजारापर्यंत चालत जायचं. ज्या घरात पाळी कडक पाळली जाई तिथे बाई चार दिवस बाहेर बसे. देवघर, स्वयंपाकघर, विहीर, लोणच्याची बरणी यांना हात लावायचा नाही. पण परड्यातलं काम, गोठ्याबाहेरचं काम, लाकडं, पातेरा याला विटाळ आड येत नसे. जिच्या घरात हात मोजके तिला बाजूला बसणंच परवडत नसे. म्हणजे बरणी उचलली तर विटाळ आणि पाटी उचलली तर काही नाही. या नियमात विश्रांतीचा विचार होता असं आजही सांगितलं जातं. मला ते पटत नाही. चूल बंद ठेवून मोळी चालू ठेवणारा नियम शरीरासाठी केलेला नसतो. काही बायकांना त्या चार दिवसांत चुलीपासून खरोखर सुटका मिळे आणि त्या ती हक्काने घेत, हे मात्र तितकंच खरं.

या वादाची पुढची दोन पानं याच जिल्ह्यातल्या मुरूडच्या कर्व्यांची आहेत. धोंडो केशव कर्वे जन्मले १८५८ साली शेरवलीला, वाढले दापोलीजवळच्या मुरूडला. सहावीच्या परीक्षेसाठी हा पोरगा मित्रांबरोबर पायी घाट चढून साताऱ्याला गेला, आणि तिथे वयाने लहान दिसतोस म्हणून त्याला परत पाठवलं. १८९३ साली त्यांनी देवरुखच्या गोदूबाई या विधवेशी लग्न केलं, म्हणून मुरूडकरांनी त्यांना वाळीत टाकलं. ३ जून १९१६ला हिंगण्याला महिला विद्यापीठ सुरू झालं तेव्हा वाद वेगळ्या पट्टीत आला होता. मुलींनी शिकू नये असं आता उघडपणे कमी लोक म्हणत. त्यांनी वेगळं शिकावं का, यावर भांडण होतं. अण्णांचा, म्हणजे धोंडो केशवांचा, कल वेगळ्या अभ्यासक्रमाकडे होता. जपानच्या महिला विद्यापीठाचा नमुना त्यांच्यासमोर होता, आरोग्यशास्त्र आणि गृहशास्त्राला त्यांनी मानाची जागा दिली. स्त्रीचं कार्यक्षेत्र वेगळं म्हणून शिक्षण वेगळं, या विचारात क्लार्कची एक फिकट सावली मला दिसते. फरक इतकाच की क्लार्कने त्या विचारातून दार बंद केलं आणि अण्णांनी त्यातूनच दार उघडलं. मराठीतून शिकवणारं विद्यापीठ निघालं आणि शेकडो मुली घराबाहेर पडल्या.

थोरला मुलगा रघुनाथ वडिलांपेक्षा वेगळ्या घडणीचा. जन्म मुरूडचाच, १८८२चा. विल्सन कॉलेजात गणित शिकवणारा हा माणूस १९२१पासून संततिनियमनाचा सल्ला देऊ लागला आणि त्यापायी त्याला नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ निघालं ते १९५३मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत चाललं. शरीराबद्दल मराठीत न लाजता बोलायची जागा या मासिकाने तयार केली. वाचक आपल्या शंका पाठवत, र. धों. रोखठोक उत्तरं देत. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. त्यांचं मूळ गाव आंबडवे, तेही रत्नागिरी जिल्ह्यातलंच. खटला हरले. दंड झाला. या एका जिल्ह्याने बाईच्या शरीरावरच्या वादाला दोन्ही बाजूंनी इतकी माणसं पुरवली, याचं मला नवल वाटतं.

खेळाच्या मैदानावर मात्र क्लार्कचंच राज्य चालू होतं. १९२८च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा बायकांची ८०० मीटर शर्यत ठेवली. जर्मनीची लीना राडके जागतिक विक्रम करून जिंकली. नऊच्या नऊ जणी शर्यत पुरी करून आल्या. वर्तमानपत्रांनी मात्र बायका धडाधड कोसळल्याचं रंगवून छापलं, आणि ती शर्यत ऑलिंपिकमधून काढली गेली ती थेट १९६०पर्यंत. दमून गवतावर आडवं होणं पुरुष धावपटूच्या बाबतीत जिद्द ठरे, बाईच्या बाबतीत वैद्यकीय पुरावा. बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये यायला १९८४ उजाडलं.

भारताच्या बायका ऑलिंपिकच्या धावपट्टीवर पहिल्यांदा उतरल्या १९५२ साली हेलसिंकीला. त्यांत मुंबईच्या वांद्र्याची मेरी डिसूझा होती. इकडे खो-खोने वेगळी वाट काढली. महिलांची राष्ट्रीय खो-खो स्पर्धा १९६०-६१च्या मोसमात कोल्हापुरात सुरू झाली. या खेळाला बूट लागत नाहीत, यंत्रं लागत नाहीत, दोन खुंट आणि तासलेली माती पुरते. रत्नागिरीने त्यात आपली घराणी उभी केली; जिल्ह्याच्या मुली राज्याच्या संघातून खेळत आल्या आहेत. १९ जानेवारी २०२५ला दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं.

शरीराच्या दृष्टीने खो-खो हा हृदयाची कडक परीक्षा घेणारा खेळ आहे. संरक्षणाला तीन-तीनची तुकडी येते. साखळी पळायची, खुंटाला वळसा घालायचा, हुलकावणी द्यायची, पुन्हा सुसाट. दोन-अडीच मिनिटं टिकली तर टाळ्या पडतात, कारण तेवढ्यात हृदय आपल्या कमाल गतीच्या जवळ जाऊन पोचलेलं असतं. आता प्रश्न हा, की याच मुलीचं हृदय महिन्याच्या पाचव्या दिवशी आणि पंचविसाव्या दिवशी सारखंच पळतं का?

याचं उत्तर गेल्या तीस-चाळीस वर्षांत तुकड्यातुकड्याने आलं. उशीर होण्याचं एक कारण गमतीचं आणि संतापाचंही आहे. मासिक चक्रामुळे मोजमापं हलतात, म्हणून संशोधक बायकांना प्रयोगातून वगळत असत. अमेरिकेत १९७७ साली तर मूल होण्याच्या वयातल्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून बाहेर ठेवण्याची अधिकृत सूचनाच निघाली. ती सुधारायला १९९३ उजाडलं.

जे कळलं ते थोडक्यात असं. पाळीनंतर इस्ट्रोजेन चढत जातं. ते रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सोडायला लावतं, वाहिन्या सैलावतात. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन वाढतं. शरीराचं तापमान ०.३ ते ०.५ अंश सेल्सियसने वर जातं, श्वास थोडा खोल होतो, विश्रांतीतली नाडी दोन-चार ठोक्यांनी वाढते. दोन ठोक्यांमधलं अंतर आपोआप कमी-जास्त होत असतं, तो लवचीकपणा या दिवसांत घटतो. पाळी आली की दोन्ही संप्रेरकं खाली येतात आणि नाडी पुन्हा सावकाश होते. २०२४ साली मनगटी पट्टे वापरणाऱ्या अकरा हजारांहून अधिक बायकांच्या नोंदी तपासून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. विश्रांतीतली नाडी चक्राच्या पाचव्या दिवसाच्या आसपास सर्वांत कमी आणि सव्विसाव्या दिवसाच्या आसपास सर्वांत जास्त. सरासरी फरक तीन ठोक्यांच्या आतला. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांत ही लाट बरीच सपाट दिसली, म्हणजे ती संप्रेरकांचीच करणी. जेकबींच्या कागदावरचा ताण आणि आजच्या पट्ट्यातली नाडी ही एकच गोष्ट नव्हे, त्यामुळे दोन्ही आलेख एकमेकांवर तंतोतंत बसवायला मी जाणार नाही. पाळीनंतर चढण आणि पाळीबरोबर उतार हा आकार मात्र ओळखीचा आहे.

मैदानावर याचा परिणाम किती? २०२० साली ‘स्पोर्ट्स मेडिसिन’ या नियतकालिकात ७८ अभ्यास एकत्र करून केलेलं विश्लेषण आलं. पाळीच्या पहिल्या काही दिवसांत कामगिरी सरासरीने किंचित, जेमतेम जाणवेल इतकी उतरलेली दिसते. पण अभ्यासांचा दर्जा कच्चा आणि बाई-बाईत फरक इतका मोठा की सगळ्यांना लागू होईल असा सल्ला देता येत नाही, ज्या-त्या खेळाडूचं स्वतंत्र पाहावं, असं त्यातल्या संशोधकांनीच लिहिलं. हृदयाची कमाल गती आणि कमाल ऑक्सिजन-वापर चक्राने फारसे हलत नाहीत. हलतं ते कडेकडेचं: झोप, पोटातली कळ, पायांतला जडपणा, उकाडा सोसण्याची ताकद. चक्राच्या उत्तरार्धात शरीर आधीच थोडं तापलेलं असतं आणि घाम जरा उशिरा सुटतो. एप्रिल-मेच्या दमट कोकणात दुपारच्या सामन्याला ही गोष्ट अगदीच फुकट नाही, जरी सराव असलेल्या मुलींमध्ये हा फरक बराच कमी होतो. कळ मात्र खरी असते, आणि ‘किंचित’ हा शब्द सरासरीचा असतो. जिला दर महिन्याला पहिल्या दिवशी उभं राहवत नाही तिला सरासरी दाखवून उपयोग नाही. तिने डॉक्टरकडे जावं.

२०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये चीनची जलतरणपटू फू युआनहुई रिले शर्यतीनंतर कॅमेऱ्यासमोर सहज म्हणून गेली की कालच पाळी आली आहे, थकवा वाटतोय. जगभर त्याची बातमी झाली. त्याच स्पर्धेत साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. तिला कुणी दिवस विचारला नाही, आणि विचारायचं कारणही नव्हतं.

आपल्याकडच्या मुलीची पळण्याची ताकद कशाने अडते हे शोधायचं असेल तर चक्राच्या तीन ठोक्यांपेक्षा दुसरा एक आकडा मोठा आहे. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहतं. बाराचं हिमोग्लोबिन असेल तर शंभर मिलिलिटर रक्तात सोळा मिलिलिटर ऑक्सिजन जातो. नऊचं असेल तर बारा. तेवढाच ऑक्सिजन पायांना पोचवायला हृदयाला एक तृतीयांश जास्त रक्त ढकलावं लागतं. बसलेलं असताना ते जमतं. साखळी पळताना हृदय आधीच शिखरावर असतं, तिथे वाढवायला जागा उरत नाही. मुलगी थांबते आणि सगळे म्हणतात हिचा दम कमी आहे. पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. ताटात पुरेसं लोह असेल तर ते भरून निघतं, नसेल तर महिन्यामागून महिना खड्डा खोल होत जातो. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. क्लार्कने म्हटलं होतं की मुलगी आजारी पडते ती पुस्तकाने. जेकबींनी बोट ठेवलं होतं पोषणावर.

आणि इथे गोष्ट पुन्हा रत्नागिरी जिल्ह्यात येते, चिपळूण तालुक्यात सावर्ड्याजवळच्या डेरवणला. इथल्या वालावलकर रुग्णालयाने आसपासच्या गावांतल्या किशोरवयीन मुलींचा दीर्घ मुदतीचा अभ्यास हाती घेतला आहे. या मुली पुढे आया होणार, तेव्हा त्यांच्या आत्ताच्या शरीराचा त्यांच्या आणि मुलांच्या पुढच्या आजारांशी काय संबंध लागतो, हे त्यातून शोधायचं आहे. मुलींची उंची, वजन, रक्त मोजलं जातं. अपुरं पोषण हे त्यातून ठळक झालेलं चित्र आहे. त्याच डेरवणला मोठं क्रीडासंकुल आहे आणि तिथे दरवर्षी युथ गेम्स भरतात. धावपट्टी आहे, कबड्डी-खो-खोची मैदानं आहेत, गावोगावच्या मुली-मुलांचे संघ मुक्कामाला येतात. म्हणजे एकाच परिसरात एकीकडे मुलीचं हिमोग्लोबिन तपासलं जातं आणि दुसरीकडे शिट्टी वाजते.

सरकारी शाळांत सहावी ते बारावीच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची निळी गोळी देण्याचा कार्यक्रम २०१३पासून चालू आहे. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. ती जेवणानंतर घ्यायची. उपाशीपोटी घेतली की मळमळतं, मळमळलं की पोरी गोळी दप्तराच्या कप्प्यात टाकतात, म्हणून शिक्षकांनी ती समोर गिळायला लावावी अशी सूचना आहे. पाळी मोजायला कॅलेंडरवरचा एक ठिपका पुरतो, आणि हल्ली बरेच प्रशिक्षक मुलींना तो मांडायला सांगतात. १८७६ साली जेकबींनी बायकांना जे प्रश्न विचारले होते, दुखतं का, चालणं किती, कामातून सुट्टी लागते का, त्यांत जेवणात काय होतं एवढी एक भर घातली तर ती प्रश्नावली आजच्या खो-खोच्या सराव शिबिरातही जशीच्या तशी चालेल.